पूर्वेचा समुद्र पश्चिमेला
चंद्रावरच्या अक्षांश-रेखांशांचे एक वाचन

भाऊबीज झाली की पुढच्या एक-दोन संध्याकाळी मावळतीच्या आकाशात चंद्राची कोर चांगली ठसठशीत दिसू लागते. साध्या दुर्बिणीतून पाहिले तर त्या कोरीत, उत्तरेकडच्या अंगाला, एक काळसर लंबगोल डाग आढळतो. हा मारे क्रिसियम, म्हणजे संकटांचा समुद्र. तो चंद्राच्या पूर्व भागात आहे की पश्चिम भागात? प्रश्न पोरकट वाटेल. कोरीची फुगीर बाजू मावळतीकडे आहे आणि डाग त्याच कडेजवळ आहे, तेव्हा पश्चिमच. १९६० साली कोणत्याही खगोलशास्त्रज्ञाने हेच उत्तर दिले असते. आज चंद्राचा कोणताही अधिकृत नकाशा उघडला तर क्रिसियम पूर्व रेखांशावर, ५९ अंशांच्या आसपास दाखवलेला दिसेल.

याच्या उलट गोष्ट मारे ओरिएंतालेची. लॅटिन नावाचा सरळ अर्थ पूर्वेचा समुद्र. पृथ्वीवरून तो चंद्राच्या अगदी काठावर, कधीमधी आणि तोही तिरकस दिसतो. ज्युलियस फ्रान्झ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला हे नाव दिले, तेव्हा तो पूर्व काठावरच होता. आज त्याचा मध्य ९० अंश पश्चिम रेखांशाच्याही थोडा पलीकडे आहे. नाव पूर्वेचे आणि पत्ता पश्चिमेचा.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. नोकरी सांभाळून, जुन्या पुस्तकांतून आणि पुढे इंटरनेटवरच्या कागदपत्रांतून जे हाती लागले त्यावर शिकलेला माणूस आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी चंद्रावरच्या ठिकाणांचा एक मराठी कोश स्वतःपुरता करायला घेतला. रद्दीच्या दुकानातून मिळालेले एक जुने चांद्रवर्णन, ग्रंथालयातला एक नकाशा आणि संगणकावरच्या याद्या अशा तीन ठिकाणांहून मी आकडे उतरवत होतो. शे-दीडशे नोंदी झाल्यावर लक्षात आले की माझ्या वहीत पूर्व आणि पश्चिम यांचा काला झाला आहे. चूक पुस्तकांची नव्हती. प्रत्येक पुस्तक आपल्यापुरते बरोबर होते. चूक माझी होती. अक्षांश-रेखांश हा त्या जागेचाच एक गुण आहे, जसा खडकाचा रंग असतो तसा, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे एका करारातले अर्धे वाक्य असते. उरलेले अर्धे म्हणजे कोणी, कुठे उभे राहून, कशापासून मोजले. ते बहुधा छापलेच जात नाही. हा लेख त्या न छापलेल्या अर्ध्या वाक्याविषयी आहे.

*

दिशांची अदलाबदल झाली ती १९६१ साली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाची महासभा त्या वर्षी अमेरिकेत बर्कली येथे भरली होती. त्या आधीचे चंद्राचे नकाशे दुर्बिणीतून पाहणाऱ्या माणसासाठी होते. पुष्कळ नकाशांत दक्षिण वर असे, कारण दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते. पूर्व-पश्चिमही आपल्या आकाशाच्या होत्या, चंद्राचा जो काठ आपल्या पूर्व क्षितिजाकडे तो पूर्व. पण माणूस आता तिथे जाण्याच्या गोष्टी करत होता. चंद्रावर उभ्या राहिलेल्या माणसाला सूर्य पश्चिमेला उगवताना दिसणार, असा नकाशा त्याच्या हातात कसा द्यायचा? संघाने ठरवले की अवकाशप्रवासासाठीच्या नकाशांत उत्तर वर, पूर्व उजवीकडे आणि पश्चिम डावीकडे असावी. क्रिसियम पूर्वेला गेला, ओरिएंताले पश्चिमेला आला.

या ठरावाकडे समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्यात दृष्टिकोनाचा एक मोठा पालट दिसतो. साहित्यात आपण निवेदकाची जागा म्हणतो ती इथे बदलली. पाहणाऱ्याच्या दिशा गेल्या, उभा राहणाऱ्याच्या आल्या. पण पालट अर्धाच झाला. दिशा चंद्रावर गेल्या, शून्य मात्र पृथ्वीवरून पाहणाऱ्याच्याच हाती राहिले.

रेखांश मोजायला कुठेतरी शून्य धरावे लागते. अक्षांशांची तशी पंचाईत नसते. गोल स्वतःभोवती फिरतो, त्या फिरण्यातून ध्रुव मिळतात आणि ध्रुवांच्या मध्ये विषुववृत्त. रेखांशांना मात्र निसर्ग आरंभ देत नाही. पृथ्वीवर तो माणसांनी ठरवला. आपल्या सिद्धान्तग्रंथांनी लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र या रेषेपासून मोजले. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत मतदान होऊन ग्रीनिचला मान मिळाला आणि फ्रान्स मतदानापासून अलिप्त राहिला. चंद्राच्या बाबतीत असे भांडण झाले नाही, कारण चंद्र आपल्याला सदैव एकच चेहरा दाखवतो. त्या चेहऱ्याचा मध्य तेच शून्य, हे सर्वांना आपोआप पटले.

तरीही तो मध्य सापडणे सोपे नव्हते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याची कक्षेतली चाल कमीजास्त होते, पण स्वतःभोवतीचे फिरणे एकसारखे राहते. त्यामुळे तो आपल्याला कधी डावा गाल थोडा अधिक दाखवतो, कधी उजवा. हा फरक आठ अंशांच्या आसपास जातो. त्याचा अक्ष कलता असल्याने वर-खालीही सुमारे पावणेसात अंश डोलणे होते. या डोलण्यामुळेच एकूण ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला आळीपाळीने दिसतो. म्हणजे चेहऱ्याचा मध्य रोज वेगळा. शून्य धरायचे ते सरासरी मध्याला.

ही सरासरी पहिल्यांदा नीट काढणारा माणूस टोबियस मायर. न्यूरेंबर्गच्या एका नकाशाछपाईच्या पेढीत काम करणारा आणि गणित बव्हंशी स्वतःच शिकलेला. १७४८ आणि १७४९ या वर्षांत त्याने मॅनिलियस नावाच्या एका विवराच्या जागेची पुन्हा पुन्हा मापे घेतली. त्यातून २७ समीकरणे उभी राहिली आणि अज्ञात राशी तीनच होत्या. तीन समीकरणे पुरली असती, पण कोणती तीन घ्यायची? प्रत्येक तिघांतून वेगळे उत्तर निघत होते. मायरने सत्तावीसच्या सत्तावीस घेतली, नऊ-नऊचे तीन गट केले, प्रत्येक गटाची बेरीज केली आणि तीन समीकरणे सोडवली. आज हे साधे वाटते. पण त्याच सुमारास ऑयलरसारखा थोर गणिती गुरू आणि शनीच्या गणितात अशाच पेचात सापडला होता आणि निरनिराळ्या वेळची निरीक्षणे एकत्र मिसळायला कचरत होता. चुका एकत्र केल्या तर चुकाच वाढतील, अशी त्याची धास्ती. संख्याशास्त्राचा इतिहास लिहिणारे स्टीफन स्टिग्लर यांनी या दोघांची तुलना तपशिलाने केली आहे. मायरला चंद्राच्या विषुववृत्ताचा कल १ अंश २९ कला मिळाला. आजचे मूल्य १ अंश ३२ कलांच्या जवळपास आहे. फरक तीन कलांचा, आणि साधने त्या काळची.

मायर १७६२ साली गेला. त्याचा छोटा, सुबक चंद्रनकाशा त्याच्या मृत्यूनंतर १७७५ साली छापला गेला. मोजलेल्या अक्षांश-रेखांशांवर उभा असलेला हा पहिला चंद्रनकाशा. पुढे एकोणिसाव्या शतकात बेसेलने मोजमापासाठी मॅनिलियसऐवजी मोस्टिंग-अ हे लहानसे, ठळक विवर सुचवले. ते चेहऱ्याच्या मध्यापासून फार दूर नाही: शून्याच्या पाचेक अंश पश्चिमेला, तीनेक अंश दक्षिणेला. पुढे शंभराहून अधिक वर्षे चंद्राचा सगळा भूगोल या एका विवराला बांधलेला होता. शून्य अंशावर काहीच खूण नव्हती. खूण होती ती या विवराची आणि तिच्यापासून शून्य किती दूर हे कागदावर लिहिलेले होते.

व्यवस्था आणि चौकट यांतला भेद इथे कळतो. मूळ व्याख्या म्हणजे व्यवस्था: चेहऱ्याचा सरासरी मध्य म्हणजे शून्य. पण व्याख्येला जमिनीवर पाय लागतात ते खुणांमुळे. खुणांच्या जागा आकड्यांत बांधल्या की चौकट तयार होते. कायदा कागदावर असतो आणि हद्द बांधावरच्या दगडावरून ठरते, तसे हे. दगड हलला, हरवला किंवा नव्याने मोजला की कायदा तोच राहूनही शेत सरकते.

*

चंद्रावरचे खरे दगड २१ जुलै १९६९ पासून बसू लागले. अपोलो-११ च्या चंद्रवीरांनी तिथे आरशांची एक पेटी ठेवली. कोणत्याही कोनातून आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवणारे हे काचेचे कोपरे. पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे, त्यातून अंतर काढायचे. अपोलो-१४ आणि १५ यांनी आणखी दोन पेट्या ठेवल्या, आणि सोव्हिएत संघाच्या लुनोखोद-१ आणि लुनोखोद-२ या चाकांच्या गाड्यांवर फ्रान्समध्ये बनवलेल्या दोन. चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटरने दूर जातो हे आपण ऐकतो ते या पाच पेट्यांमुळे.

यांपैकी एक दगड हरवला होता. लुनोखोद-१ शी संपर्क १९७१ मध्ये तुटला आणि गाडी नेमकी कुठे थांबली हे पुरेशा अचूकतेने ठाऊक नसल्याने जवळपास ४० वर्षे तिच्यावरून लेसरचा उपयुक्त प्रतिसाद मिळाला नाही. मार्च २०१० मध्ये नासाच्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरने काढलेल्या चित्रांत ती सापडली. टॉम मर्फी आणि त्यांचे सहकारी जिथे शोधत होते तिथून ती काही किलोमीटर दूर होती. २२ एप्रिल २०१० रोजी नव्या जागेवर झोत टाकला तेव्हा पहिल्याच प्रयत्नात सुमारे २००० प्रकाशकण परत आले. लुनोखोद-२ कडून तोवरच्या सगळ्या वर्षांत मिळालेला उत्तमातला उत्तम प्रतिसाद ७५० कणांचा होता. म्हणजे आरसा इतकी वर्षे उत्तम स्थितीत होता. बिघाड फक्त पत्त्यात होता.

ही मापे सेंटिमीटरपर्यंत पोहोचली तेव्हा जुन्या व्याख्येतली एक फट उघडी पडली. चंद्र म्हणजे काही एकजिनसी गोटी नाही. त्याच्या पोटातले वस्तुमान ओबडधोबड वाटले गेले आहे. त्या वस्तुमानातून चंद्राचे स्वतःचे तीन अक्ष निघतात, त्यांना जडत्वाचे मुख्य अक्ष म्हणतात. यांतला एक साधारण पृथ्वीच्या दिशेला आहे, पण नेमका पृथ्वीच्या सरासरी दिशेला नाही. गुरुत्वाकर्षणाचा किंवा चंद्राच्या डोलण्याचा हिशोब मुख्य अक्षांवर मांडला तर गणित सुटसुटीत होते. नकाशे मात्र परंपरेने सरासरी पृथ्वीच्या दिशेवर चालतात. दोन्ही व्यवस्था शास्त्रीय, दोन्ही रोजच्या वापरातल्या. आणि दोन्हींत एकाच आकड्यांच्या जोडीने दाखवलेल्या जागा एकमेकींपासून सुमारे ८६० मीटर दूर पडू शकतात.

लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या मोहिमेसाठी २००८ साली एक छोटेखानी दस्तऐवज तयार झाला. चंद्राच्या सगळ्या माहितीसाठी एकच अक्षांश-रेखांश व्यवस्था असावी, हा त्याचा विषय. मी तो अनेकदा वाचला आहे. त्यात दोन्ही व्यवस्थांची ओळख आहे, ८६० मीटरचा इशारा आहे, १७३७.४ किलोमीटर ही संदर्भत्रिज्या आहे, आणि निर्णय आहे: अंतर्गत गणितासाठी मुख्य अक्ष, पण लोकांच्या हाती जाणारे नकाशे आणि नोंदी सरासरी पृथ्वीच्या व्यवस्थेत. कारण सरळ आहे. पूर्वीचे सगळे नकाशे त्याच व्यवस्थेत आहेत, तेव्हा सातत्य राखा.

दस्तऐवज म्हणून हा मजकूर मला फार प्रामाणिक वाटतो. आपला निर्णय हा निसर्गनियम असल्याचा आव तो आणत नाही. कोणत्या सोयीसाठी काय निवडले हे सांगतो. ज्याला मी न छापलेले अर्धे वाक्य म्हणतो ते इथे पूर्ण छापलेले आहे. माझा आक्षेप आहे तो पुढच्या प्रवासाबद्दल. या मजकुरातून आकडे बाहेर पडतात, बातम्यांत जातात, पाठ्यपुस्तकांत जातात, माझ्यासारख्याच्या वहीत येतात, तेव्हा वाटेत ते वाक्य गळून जाते.

दुसरी गोष्ट तत्त्वाची. ३ जानेवारी २०१९ रोजी चीनचे चांग-ए ४ हे यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, १७७ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे उतरले. तिथून पृथ्वी कधीच दिसत नाही. तरीही त्या जागेचा पत्ता पृथ्वीच्या दिशेपासून मोजलेला आहे. जे आकाशात कधी येतच नाही त्याच्याकडे बोट दाखवून तिथला माणूस आपले घर सांगणार. यात चूक काही नाही, पण निवेदक कोण हे ध्यानात राहावे. चंद्राच्या भूगोलात आज तीन निवेदक एकदम बोलतात. दिशा चंद्रावर उभ्या राहिलेल्याच्या, शून्य पृथ्वीवरून पाहणाऱ्याचे आणि गणित खुद्द चंद्राच्या पोटातल्या वस्तुमानाचे.

*

दोन शून्यांचा संसार मराठी माणसाला नवा नाही. आपल्या पंचांगांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. राशिचक्राला आरंभबिंदू निसर्गाने दिलेला नाही. एक पक्ष रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्याला शून्य धरतो, दुसरा चित्रेच्या ताऱ्यासमोरच्या बिंदूला. टिळक पंचांग पहिल्या पक्षाचे, बहुसंख्य घरांत लागणारी पंचांगे दुसऱ्या. दोन्ही शून्यांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. एरवी ते जाणवत नाही. पण सूर्यसंक्रांती मागेपुढे झाल्या की अधिक मास वेगळा पडतो, आणि त्या वर्षी एका घरचे गणपती दुसऱ्या घराच्या एक महिना आधी येतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात अयनांशांच्या प्रश्नाचा इतिहास इतक्या सविस्तर मांडला, तो यासाठीच. ते स्वतः सायन मताचे होते, पण इतर पक्षांची बाजू काय हे त्यांच्या वाचकाला कळते. आकाशाच्या बाबतीत ‘कोणत्या पक्षाचे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला त्या वादांनी लावली. चंद्राच्या जमिनीबाबत ती सवय आपण सोडून दिली आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम उतरला. ६९.३७ अंश दक्षिण, ३२.३२ अंश पूर्व हे आकडे सगळीकडे छापून आले. उतरण्याच्या जागेला शिवशक्ती हे नाव दिले गेले, त्यावर बाजूने आणि विरुद्ध भरपूर लिहिले गेले, आणि १९ मार्च २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने स्टाशिओ शिवशक्ती या रूपात त्याला मान्यता दिली. नावावर इतके बोलले गेले. आकड्यांवर कोणी बोलल्याचे माझ्या वाचनात नाही.

आकडे काय सांगतात ते पाहू. चंद्रावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ३०.३ किलोमीटर. दशांशचिन्हानंतरचा दुसरा अंक एकाने बदलला तर जागा ३०० मीटर सरकते. ८६० मीटर म्हणजे जवळजवळ ०.०३ अंश. तेव्हा ६९.३७ मधला सात खरा की नाही, हे कोणत्या व्यवस्थेत मोजले त्यावर अवलंबून आहे. व्यवस्था न सांगता दोन दशांश देणे म्हणजे न तपासलेल्या अचूकतेचा डौल मिरवणे.

हे फक्त छपाईचे सोवळे नाही. चांद्रयान-२ च्या विक्रमला उतरण्यासाठी ५०० मीटर गुणिले ५०० मीटरचा चौकोन नेमून दिला होता. तो कोसळला त्याची कारणे वेगळी होती, इंजिनांचा जोर आणि नियंत्रण यांतली. पण कल्पना करा, चौकोनाची बाजू अर्धा किलोमीटर आणि दोन व्यवस्थांतले अंतर त्याहून मोठे. एक आकडा चुकून दुसऱ्या व्यवस्थेत वाचला तर निर्दोष यानही नेमलेल्या चौकोनाबाहेर उतरेल. चांद्रयान-३ साठी तो चौकोन वाढवून ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटरचा केला, यानाला थोडी मोकळीक मिळावी म्हणून. उलट जपानचे स्लिम हे यान जानेवारी २०२४ मध्ये लक्ष्यापासून अवघ्या ५५ मीटरवर उतरले. चौकोन लहान होत जाणार, आणि चौकटीची चूक तितकी मोठी होत जाणार.

२०१९ च्या विक्रमचे अवशेष कोणी शोधले हेही आठवावे. षण्मुग सुब्रमणियन या चेन्नईच्या अभियंत्याने नासाने सर्वांसाठी खुली केलेली आधीची आणि नंतरची चित्रे घरी बसून ताडून पाहिली आणि एक नवा ठिपका हेरला. नासाने डिसेंबर २०१९ मध्ये त्याला दुजोरा दिला. तो तुकडा मुख्य आघातस्थळापासून सुमारे ७५० मीटरवर होता. कोणत्याही संस्थेत नसलेल्या माणसाला हे जमले, कारण दोन वेगळ्या दिवसांची चित्रे एकाच चौकटीत बसवलेली होती. सामायिक चौकट असेल तर ज्ञान सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत येते. ती नसती तर त्या दोन चित्रांतला फरक केवळ गोंधळ ठरला असता.

चांद्रयान-३ च्या विक्रमवर नासाने दिलेला पाच सेंटिमीटर रुंदीचा एक परावर्तक आहे, आठ काचकोपऱ्यांचा. १२ डिसेंबर २०२३ रोजी लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरने १०० किलोमीटरवरून त्यावर लेसर सोडला आणि प्रकाश परत आला. पृथ्वीवरून मोजण्यासाठी तो फार लहान आहे, पण चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांना तो दिसतो. जुने पाचही दगड दक्षिण ध्रुवापासून फार दूर आहेत. ध्रुवाकडच्या वाटेवरचा हा दगड भारताच्या यानाने बसवला. या गोष्टीचा आपल्याकडे जितका अभिमान बाळगला जावा तितका बाळगला गेला नाही, कारण तिच्यात नाव नाही. ती फक्त पत्ता आहे.

*

दक्षिण ध्रुवाजवळ आता बरीच गर्दी होणार आहे. तिथे सूर्य क्षितिजाला घासून फिरतो. म्हणून काही थोड्या कड्यांवर बहुतेक काळ ऊन असते आणि काही खोल विवरांच्या तळाशी कधीच नसते. वर वीज, खाली बर्फ, अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्राच्या कोणत्याही भागावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. पण भारताने जून २०२३ मध्ये सही केलेल्या आर्टेमिस करारनाम्यात सुरक्षा क्षेत्रांची कल्पना आहे: एकाचे काम चालू असेल तिथे दुसऱ्याने त्याला कळवून, समन्वय साधून यावे. चीन आणि रशिया यांचा चांद्रस्थानकाचा बेत वेगळा आहे. मालकी नसली तरी क्षेत्र आले की हद्द आली, आणि हद्द आली की ती कोणत्या दगडापासून मोजली हा प्रश्न आला. काही शे मीटर रुंदीच्या कड्यावर ८६० मीटरचा फरक म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणापलीकडची जागा.

जागेइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. उपग्रहांवरून जागा काढायची म्हणजे संदेशाला लागलेला वेळ मोजायचा. चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने तिथले घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दर दिवशी सुमारे ५६ मायक्रोसेकंद पुढे जाते. एवढ्या वेळात प्रकाश जवळजवळ १७ किलोमीटर जातो. म्हणजे घड्याळ न सुधारता एक दिवसाने जागा काढली तर चूक गावाच्या नव्हे, तालुक्याच्या मापाची होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये केपटाउनच्या महासभेत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने चंद्राची स्वतंत्र संदर्भव्यवस्था आणि चंद्राची स्वतंत्र कालगणना यांविषयी ठराव केले. १९६१ च्या ठरावात दिशा चंद्रावर गेल्या होत्या. आता घड्याळही तिथे जाते आहे.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. हे सगळे तज्ज्ञांचे काम, ते एकमत करतील, रूपांतराची सूत्रे तयार आहेत, संगणक क्षणात एका व्यवस्थेतून दुसरीत नेतो. साहित्याच्या वाचकाने यात डोके का घालावे? आक्षेप निम्मा खरा आहे. सूत्रे आहेतच. पण आकडा कोणत्या व्यवस्थेतला हे लिहिलेले असेल तरच सूत्र लावता येते, आणि ते लिहिणे ही गणिताची नव्हे, लेखनाची शिस्त आहे. पृथ्वीवरचा दाखला घ्या. ग्रीनिचच्या वेधशाळेत पितळी पट्टीवर पाय दोन्हीकडे ठेवून लोक छायाचित्र काढतात, आणि हातातला फोन सांगतो की शून्य रेखांश तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. पट्टी खोटी नाही, फोनही खोटा नाही. जुन्या उपकरणाने त्या ठिकाणच्या गुरुत्वाकर्षणाची दिशा सरळ धरली, उपग्रहांनी पृथ्वीचा मध्य धरला. ज्याला हे माहीत आहे त्याला मौज वाटते, ज्याला नाही तो फोन बिघडला म्हणतो. हा फरक वाक्य पूर्ण छापले आहे की नाही एवढाच आहे.

मराठीत चंद्राविषयी लिहिताना आपण एवढे तरी करावे. आकडा द्यावा तिथे व्यवस्थेचे नाव द्यावे, आणि दोन दशांशांची खात्री नसेल तर एकच द्यावा. त्यासाठी इंग्रजी संज्ञांची गरज नाही. ‘सरासरी पृथ्वी’ आणि ‘मुख्य अक्ष’ हे शब्द पुरेसे आहेत, पंचांगावर पक्ष छापतात तसे ते दोन शब्दांत बसतात. पुढच्या वीस-तीस वर्षांत चंद्रावरच्या जागांबद्दल बातम्या येतील, तंटे होतील, त्यांत आपल्या देशाची बाजू असेल. त्या बातम्या वाचणाऱ्या मुलाला ‘कोणापासून मोजले?’ हे विचारता आले पाहिजे.

माझ्या कोशाच्या वहीत आता चार रकाने आहेत: नाव, अक्षांश, रेखांश आणि चौथा, कोणाच्या मापाने. शिवशक्तीच्या नोंदीत पहिल्या रात्री मी दोनच आकडे लिहिले होते. चौथ्या रकान्यात ‘सरासरी पृथ्वी’ हे शब्द संघाची यादी पाहिल्यावर, सात महिन्यांनी पडले. ओरिएंतालेपुढे ‘१९६१ पूर्वी पूर्व’ अशी टीप आहे. रद्दीच्या दुकानातल्या त्या पुस्तकातून उतरवलेल्या काही नोंदींचा चौथा रकाना अजून रिकामा आहे, कारण पुस्तक ते सांगत नाही. अंदाजाने भरण्याचा मोह होतो. भरत नाही.